घोंगडीच्या कोपऱ्यातली गाठ

परदेशातून आल्यापासून इंदापूरच्या बाजारात मला कुणी जनावराच्या दुखण्याचं विचारत नाही. "डॉक्टर, तितं काय खाल्लं?" "डॉक्टर, तिकडची मेंढरं केवढाली असत्यात?" एकानं तर विमानात चपला बाहेर काढून ठेवतात का, असं विचारलं. तोंडी सांगून सांगून दमलो, म्हणून हे लिहायला बसलोय. शिवाय तोंडी सांगताना मी एक गोष्ट दर वेळी गाळतो, हे माझ्या ध्यानात आलंय. लिहिताना ती गाळायची नाही असं ठरवलंय. बघू जमतं का.

आधी मी कोण ते सांगतो. गाव निरवांगी, तालुका इंदापूर, जात धनगर, नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या उमेदीत आमच्या घरी दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, असं वर्षाचं गणित. पुढं रानाला पाणी आलं, मी शिकायला बाहेर पडलो, कळप निम्मा झाला, मग पाव झाला, मग संपला. शेवटच्या मेंढरांची लोकर आबांनी सणगराकडं नेऊन दिली आणि त्यानं तिची एक काळी घोंगडी विणून दिली. ती घोंगडी आबांच्या उशाशी असे. तिला हात लावायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

इटली देशाला सार्डिनिया नावाचं एक बेट आहे. तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि मेंढीच्या दुधाचं चीज करून विकणं हा मोठा धंदा. ते शिकायला सास्सारी नावाच्या शहरात तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं आणि त्याला माझी निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी आबांनी घोंगडी माझ्यापुढं ठेवली.

"आबा, तिथं पांघरुण देतात."

"देत्यात तर देऊ देत. पासपोट कुठं ठिवणार हायस?"

"बॅगेत."

"बॅगंवर चोराचा डोळा असतू. घोंगडीवर कुणाचा न्हाय." त्यांनी घोंगडीचा कोपरा हातात घेतला. "आमी कोकणात असंच करायचो. काय जपायचं आसंल ते कोपऱ्यात बांधायचं. बाजाराला जाताना घोंगडी दुसऱ्या धनगराच्या वाड्यावर ठिवायची. आता ध्यान दिऊन ऐक. ज्येच्याकडं राखायला दिली त्यो गाठ सोडत न्हाय. आन् माघारी घेणाऱ्यानं बी त्येच्या म्होरं गाठ सोडायची न्हाय. सोडलीस तर तू त्येला चोर म्हनलास, तोंडानं न म्हनता."

मी मान डोलावली. मला खरं तर घोंगडी न्यायची लाज वाटत होती. परदेशात सुटाबुटातली माणसं असणार आणि मी बगलेत घोंगडी मारून उतरणार. पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही. आबांनी चिमूटभर बिरोबाचा भंडारा कोपऱ्यात टाकला, नुसतीच एक गाठ मारली आणि म्हणाले, "पासपोट मागनं घाल."

सास्सारीचे तीन आठवडे बरे गेले. मी पत्र लिहायचो आणि माझी थोरली मनीषा ते आबांना वाचून दाखवायची. आबांना अक्षरओळख नाही, पण माझं लिहिलेलं ते एक अक्षर सोडत नाहीत. शेवटी तीन दिवस मोकळे मिळाले. बरोबरचे दोघे रोम बघायला गेले. मी नकाशात बेटाच्या मधोमध जाणारी एक छोटी रेल्वे बघून ठेवली होती, डोंगरातून मकोमेर ते नुओरो. आमच्या दौंड-बारामती गाडीसारखीच लहान रुळांची. म्हटलं, एकट्यानं ही गाडी आणि वाटेतली गावं बघायची. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की एकट्यानं जाऊ नका, रविवारी सकाळी काल्यारी शहरातून विमान आहे, तिकीट बदलून मिळणार नाही आणि स्टेशनांवर खिसेकापू फार. खिसेकापू ऐकल्यावर मी पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आबांची गाठ सोडून घोंगडीच्या कोपऱ्यात भंडाऱ्याशेजारी ठेवलं, गाठ पुन्हा घट्ट मारली, तिच्यावर माझी एक जास्तीची मारली आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झालो.

गुरुवार : मकोमेर ते सिलानुस

मकोमेरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीच्या फलाटावर आलो. दोन डब्यांची गाडी उभी होती. चार-पाच बाया पिशव्या घेऊन दाराकडं निघाल्या आणि माझ्या अंगात बारामती शिरली. बारामतीच्या गाडीला दाराशी लोंबकळण्याआधी खिडकीतून टॉवेल, टोपी, जे हाताला लागेल ते आत टाकून जागा धरायची, हे आम्ही शाळेपासून शिकलेलं. मी पळत गेलो आणि उघड्या खिडकीतून घोंगडी आत फेकली. मग धक्के मारायच्या तयारीनं आत शिरलो, तर डब्यात मोजून सहा माणसं. माझी घोंगडी खिडकीशी एकटीच बसली होती आणि समोरच्या बाकावरचा म्हातारा तिच्याकडं बघत होता.

म्हातारा साठीचा असेल. डोक्यावर चपटी टोपी, पिकल्या मिशा, जाड सुती विजार आणि बुटांना लेंड्या चिकटलेल्या. त्यानं घोंगडीची कड दोन बोटांत धरली आणि चोळून बघितली. मला वाटलं, वास मारतोय म्हणून तक्रार करतोय. मी ओशाळलो आणि घोंगडी माझ्याकडं ओढली.

गाडी सुटली आणि मी बाहेर बघून चकितच झालो. दगडांच्या ताली, पिवळं पडायला लागलेलं गवत, कुंपणाला आपलाच फड्या निवडुंग. निरवांगीच्या माळावर कुणी तरी निळा डोंगर आणून ठेवावा तसं ते दिसत होतं. मेंढरं मात्र पांढरीशुभ्र. आमच्या काळ्या मेंढरांची सवय झालेल्या डोळ्याला ती कातरून धुऊन ठेवल्यासारखी वाटली.

सिलानुस नावाच्या स्टेशनात गाडी थांबली. समोरून येणारी गाडी जाऊ द्यायची होती, एवढं कळलं. फलाटावर नळ दिसला. दौंडला आपण काय करतो? गाडी उभी राहिली की उतरतो, तोंड धुतो, चहा घेतो, गार्डाशी दोन शब्द बोलतो. गार्ड शिट्टी मारतो, झेंडा दाखवतो, तरी चार माणसं खाली असतात आणि त्यांना घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. मी बाटली घेतली, कुणी बसू नये म्हणून घोंगडी बाकावर नीट पसरली, बॅग तिच्या शेजारी ठेवली आणि उतरलो.

समोरची गाडी आली. बाटली अर्धी भरली होती. शिट्टी नाही, झेंडा नाही. आमच्या गाडीची दारं आपोआप मिटली आणि ती निघाली. मी नळ सुरूच टाकून पळालो, दारावर थापा मारल्या, मराठीत ओरडलो. खिडकीत तो म्हातारा उभा राहिला होता आणि आतून काचेवर हाताचा पंजा आपटत होता. मग फलाट संपला.

मी तिथं उभा राहिलो तेव्हा माझ्याकडं अंगावरचे कपडे, खिशात पाकीट आणि हातात अर्धी बाटली होती. मी कोण, कुठला, या देशात कसा आलो, हे सांगणारा एकमेव कागद घोंगडीच्या कोपऱ्यात बसून नुओरोला चालला होता. जागा धरायला घोंगडी टाकणं ही एक चांगली रीत आणि जपायचं ते घोंगडीत बांधणं ही दुसरी चांगली रीत. दोन्ही एकदम पाळणारा शहाणा मात्र मी पहिलाच असेन.

स्टेशनमास्तर कुंडीतल्या फुलझाडांना पाणी घालत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि माझं इटालियन चाळीस शब्दांचं, त्यातले तीस मेंढीच्या अवयवांचे. "पासापोर्तो" हा शब्द मात्र दोघांना येत होता. त्यानं नुओरोला फोन केला, बराच वेळ हातवारे करत बोलला आणि माझ्याकडं बघून अंगठा वर केला. पुढची गाडी चार तासांनी होती. त्याच्या बायकोनं पापडासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी आणि चीजचा तुकडा आणून दिला. ती भाकरी महिनाभर टिकते म्हणे, मेंढरामागं जाणारे ती पोतडीत घालून नेतात. आमच्याकडं वाळवून नेतात तशीच. एरवी मी चार खाल्ल्या असत्या, त्या दिवशी एकीचा चुरा हातात घेऊन बसलो होतो.

रुळांपलीकडं दगडांचा एक गोल, जुनाट बुरूज दिसत होता. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड, हजारो वर्षांचे. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण गाडी थांबवून बघत बसतो, तसं बघण्यासारखं काम होतं ते. मी मात्र बुरुजाकडं तोंड करून फक्त घड्याळ बघत होतो.

चार तासांनी गाडी आली. मी आत बसलो आणि डोकं हातांत धरलं ते नुओरोपर्यंत वर केलं नाही. मधे कुठली स्टेशनं गेली, फलाटावर कोण उभं होतं, काही बघितलं नाही. हे एवढ्यासाठी लिहून ठेवतोय, की पुढं त्याचा संबंध येणार आहे.

गुरुवार संध्याकाळ : नुओरो

नुओरोच्या स्टेशनात टेबलावर माझी बॅग होती. मला इतका आनंद झाला की त्या कारकुनाचे मी दोन्ही हात धरले. बॅग उघडली तर बनियन, टॉवेल, मनीषानं दिलेला चिवड्याचा पुडा, सगळं जागच्या जागी. घोंगडी नव्हती.

"कोपेर्ता," मी म्हटलं. म्हणजे पांघरुण. त्यानं खांदे उडवले. पांघरुण नव्हतं. जुनं असेल तर झाडणारीनं टाकलं असेल, असं त्यानं खुणेनं सांगितलं. मी झाडणारीला गाठलं. तिनं काही बघितलं नव्हतं. मी कचऱ्याचा डबा उपसला, तो कारकून बघत असताना, कोपरापर्यंत हात घालून.

मग पोलीस. दोघं होते, एकाला इंग्रजी येत होतं. त्यानं पहिल्यांदा माझी ओळख पटवणारा कागद मागितला.

"तोच हरवलाय."

"कुठं होता?"

"पांघरुणात बांधलेला."

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इंग्रजीवाल्यानं पुन्हा विचारलं, "पासपोर्ट. पांघरुणात. का?"

चोरानं नेऊ नये म्हणून, असं सांगताना माझे कान गरम झाले. दुसरा हसला आणि माझ्या आत संतापाचा भडका उडाला, पण संतापून करतो काय? त्यांनी लिहून घेतलं, शिक्का मारलेला एक कागद दिला आणि सांगितलं की आता भारताच्या वकिलातीत जावं लागेल, ती रोमला आहे, उद्याच्या उद्या तिथं पोचणं होणार नाही आणि मग ती सोमवारीच उघडेल. माझं विमान रविवारचं. मुंबईला उतरून मंगळवारी कामावर रुजू व्हायचं होतं आणि रजा मोठ्या मुश्किलीनं मोजून मिळाली होती. पण खरं सांगायचं तर विमान आणि नोकरी यांच्यापेक्षा मला एकच प्रश्न पोखरत होता. आबांना काय सांगू? त्यांच्या दीडशे मेंढरांपैकी जगात उरलेली ती एकच वस्तू होती आणि मी ती बसायची जागा धरायला वापरली होती.

बाईंना सास्सारीला फोन करावा असं दोनदा मनात आलं. एकट्यानं जाऊ नका म्हणाल्या होत्या, म्हणून केला नाही.

शुक्रवार : बोलोताना

सकाळच्या पहिल्या गाडीनं उलटा निघालो. दैवानं तिकीट तपासणारा कालचाच होता. मी त्याला खुणांनी घोंगडी दाखवायला लागलो आणि त्याला एकदम आठवलं. समोरच्या म्हाताऱ्यानं ती घडी करून काखेत मारली आणि बोलोतानाला उतरला. तपासणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याचीच असेल, त्याच्यासारख्यांकडं तसली असते.

म्हणजे चोरली. काल पोलिसांपुढं गिळलेला संताप आता उतू गेला. कड चोळून बघत होता तो उगाच नाही. बोलोताना येईपर्यंत मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात इंदापूरच्या बाजारातल्या भाषेत जे काही बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

बोलोतानाचं स्टेशन खाली आणि गाव वर डोंगराच्या अंगाला. चढून गेलो. चपटी टोपी, पिकल्या मिशा, असं वर्णन सांगितलं की माणसं मला चौकात नेऊन बाकावर बसलेले नऊ म्हातारे दाखवत. सगळ्यांना टोप्या आणि सगळ्यांना मिशा. मी एकेकाच्या तोंडाकडं वाकून बघितलं. दुपार झाली, तशी दारं पटापट मिटली आणि गाव झोपलं. आमच्या निरवांगीत भर दुपारीसुद्धा कुठं तरी मोटार चालू असते, ट्रॅक्टर धडधडत असतो. इथं एक मांजर रस्ता ओलांडत होतं, बाकी शुकशुकाट. माझ्या हातात दीड दिवस उरला होता.

एका दाराला मण्यांचा पडदा होता आणि आतून रश्श्याचा वास येत होता. खानावळच म्हणायची, तीन टेबलांची. चालवणारी बाई सत्तरीची, काळ्या झग्यातली. गिऱ्हाइकं तिला 'त्सिया अंतोनिया' म्हणत होती. त्सिया म्हणजे मावशी-आत्या, पण गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला लावायचं. हे एक मला फार ओळखीचं वाटलं. तिनं न विचारता पुढ्यात वाटाण्या-घेवड्याचा रस्सा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खा, मग बोल.

मी पासपोर्टपासून सुरुवात केली. तिला त्यात काही रस दिसला नाही. विमान सांगितलं, पोलीस सांगितले. ती भांडी गोळा करायला लागली. तेवढ्यात मला बॅगेचा पट्टा दिसला. घोंगडीला घासून घासून त्याला काळी लोकर चिकटली होती. मी बोटानं तिचा पुंजका सोडवला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो चोळला. नाकाशी नेला. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"पेकोरा," ती म्हणाली. मेंढी. "तू मेंढपाळ?"

"नाही. डॉक्टर."

हे उत्तर तिला उपयोगाचं नव्हतं. "मग ही कुणाची?"

"वडिलांची."

"वडील मेंढपाळ?"

तीन आठवड्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. वर्गात ओळख करून देताना मी 'शेतकरी कुटुंबातला' असं म्हटलं होतं. "होय," मी म्हटलं. "वडील मेंढपाळ. त्यांचे वडीलही. घोंगडी त्यांच्या शेवटच्या मेंढरांची आहे." यातले निम्मे शब्द मी मराठीतच बोललो असेन, पण तिला पोचलं. ती उठली, पडद्याबाहेर गेली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली. तिचा पुतण्या आला, चाळिशीचा, दोन वर्षं बोटीवर काम करून इंग्रजी शिकलेला. आदल्या संध्याकाळी तो म्हातारा त्याला वाटेत भेटला होता, म्हणून त्याच्याकडून मला सगळं कळलं.

म्हाताऱ्याचं नाव बाकीझिओ. घोंगडी त्यानं उचलली, कारण रेल्वेवाले ती चिंधी म्हणून फेकतील असं त्याला वाटलं. बॅग ठेवली, कारण बॅग कुणी फेकत नाही. मागं राहिलेला माणूस पुढच्या गाडीनं येणार हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून तो बोलोतानाच्या फलाटावर चार तास थांबला. गाडी आली तेव्हा घोंगडी दोन्ही हातांवर उचलून धरून तो डब्यांशेजारून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. कुणी उतरलं नाही. मग संध्याकाळच्या धारा काढायला उशीर झाला म्हणून तो डोंगरात गेला.

मी त्या गाडीत होतो. डोकं हातांत धरून.

"उद्या सकाळी नेतो," पुतण्या म्हणाला. "आता तो मेंढरं घेऊन कुठं असेल सांगता येत नाही." मी विमानाचं सांगितलं. त्यानं हिशेब केला. धारेच्या वेळेला गाठलं आणि तिथं वेळ घालवला नाही, तर मकोमेरहून काल्यारीची दुपारची गाडी मिळेल. ती चुकली तर मग नाही.

शनिवार : डोंगरात

पुतण्याच्या तीनचाकी टेम्पोत बसून उजाडायला निघालो. रस्ता संपला तिथून चालत. दगडांचा गोल वाडा, वर फांद्यांचं शंकूसारखं छप्पर असलेली झोपडी, दोन कुत्री आणि तीनशे मेंढरं. गळ्यातल्या घंटा वेगवेगळ्या आवाजाच्या. बाकीझिओ एका बोळकांडीच्या तोंडाशी बसून धार काढत होता. मेंढी येई, तो मागून दोन्ही हात घाली, चार-पाच पिळे, की पुढची. त्यानं मला बघितलं, ओळखलं, मान हलवली आणि पुढच्या मेंढीला हात घातला.

मी पुतण्याला म्हटलं, "घोंगडी द्यायला सांग ना. गाडी आहे."

"धार अर्धी सोडून तो उठणार नाही."

हे मला कळायला हवं होतं. कळतही होतं. तरी मी घड्याळ बघत होतो आणि प्रत्येक मेंढी मला मुद्दाम हळू चालल्यासारखी वाटत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटची मेंढी सुटली तेव्हा ऊन वाड्याच्या भिंतीवरून खाली उतरलं होतं.

त्यानं हात धुतले आणि झोपडीतून घोंगडी आणली. नीट घडी केलेली. कोपऱ्यातली गाठ जशीच्या तशी, माझी जास्तीची गाठसुद्धा. मी हात पुढं केले, तर त्यानं घोंगडी सोडली नाही. डोक्यावरून हात फिरवून काही तरी बोलला.

"घालून दाखव म्हणतोय," पुतण्या म्हणाला. "तुझी आहे तर."

म्हणजे खोळ. घोंगडीचा एक कोपरा आत मुडपून टोपीसारखा करायचा आणि डोक्यावरून पाठीवर सोडायची, पावसात, थंडीत. आमच्यात चालायला लागलेल्या पोराला येते. मी घोंगडी घेतली, दुमडली, डोक्यावर टाकली. ती घसरून पायांत आली. दुसऱ्यांदा लांबीकडून दुमडली. ती एका खांद्यावर लोंबली. मला शेवटची खोळ घालून वीस वर्षं झाली होती. बाकीझिओच्या कपाळाला आठी पडली आणि त्यानं घोंगडी परत घ्यायला हात पुढं केला. पोलिसांपुढं मी एवढा घाबरलो नव्हतो.

मी डोळे मिटले. आबा खोपीतून बाहेर पडताना काय करायचे? डावा हात आधी. डाव्या हातानं कोपरा पोटाशी धरायचा, उजव्या हातानं कड त्याच्यावर आणायची, मग दोन्ही हात वर. मी तसं केलं. घोंगडी डोक्यावर बसली आणि पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत खाली आली. आत आबांचा वास होता आणि दुसराही एक, नवा.

बाकीझिओ मोठ्यानं हसला. झोपडीत गेला आणि आपलं काळं, जाड लोकरीचं पांघरुण घेऊन आला. त्याला ते 'साक्कु' म्हणतात. त्यानं ते डोक्यावरून घेतलं, थेट तस्संच. आम्ही दोघं त्या वाड्यात एकमेकांसमोर उभे होतो, खोळी घालून, आणि पुतण्या कपाळाला हात लावून हसत होता. मग बाकीझिओनं चीजचा अख्खा गोळा काढला, सुरी काढली आणि मला बसायला दगड दाखवला.

आता ती गोष्ट, जी मी गाळतो.

मी बसलो नाही. घोंगडी डोक्यावरून काढली, गुडघ्यावर घेतली आणि गाठ सोडायला लागलो. घट्ट बसली होती, दातांनी सोडवली. आतून भंडारा माझ्या विजारीवर सांडला. पिशवी काढली, पासपोर्ट उघडून बघितला, तिकीट उघडून तारीख बघितली, दोन्ही उलटून पालटून बघितली. चांगली दोन मिनिटं गेली असतील. वर बघितलं तेव्हा बाकीझिओ चीज कापायचा थांबला होता. त्यानं माझ्याकडं पाठ केली होती आणि तो मेंढरांकडं बघत होता, माझं होईपर्यंत. मेंढरांत बघण्यासारखं काही नव्हतं. ती गवतात शांत उभी होती.

मला तेव्हाच कळलं. दोन देशांतली माणसं, एक शब्द समान नाही, आणि रीत तीच. मी पिशवी घाईघाईनं खिशात कोंबली. त्यानं पुन्हा सुरी चालवली, चीजचा मोठा तुकडा पातळ भाकरीत गुंडाळून माझ्या हातात दिला आणि खांद्यावर थोपटलं. पण मघासारखा हसला नाही. मला काही तरी बोलायचं होतं आणि माझ्याकडं मेंढीच्या अवयवांचे शब्द होते. पुतण्या घड्याळ दाखवत होता.

काल्यारीची गाडी मिळाली. रविवारचं विमानही.

निरवांगी

घरी आलो तेव्हा आबा अंगणात होते. चीज सगळ्यांनी चाखलं आणि खारट म्हणून बाजूला ठेवलं. आबांनी मात्र आधी घोंगडी मागितली. तोंडाशी धरली आणि म्हणाले, "ह्येला दुसऱ्या मेंढराचा वास हाय. कुणाच्या वाड्यावर व्हती?"

मी सगळं सांगितलं. गाडी, नळ, नऊ म्हातारे, खोळ. खोळीच्या वेळी आबा गालात हसले. बाकीझिओ फलाटावर घोंगडी धरून चालला ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं. "चार तास," ते म्हणाले. "धारंचा वकुत आसून." मग त्यांनी कोपरा चाचपला. तिथं आता गाठ नव्हती, नुसता पिवळा डाग होता.

"गाठ कुठं सोडलीस?"

"गाडीत," मी म्हटलं. "काल्यारीला जाताना."

"मग बरं," आबा म्हणाले. त्यांनी घोंगडीची घडी केली आणि उशाशी ठेवली. आल्यागेल्याला ते ही हकिगत माझ्याआधी सांगतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "आमचा डॉक्टर झाला तरी रीत इसरला न्हाय."

हे मी कितींदा ऐकून घेतलं. आता नाही ऐकवत. मनीषा मी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवते, हेही दाखवील. ही ओळ आली की तिनं थांबू नये, आवाज बारीक करू नये. आबा, गाठ मी गाडीत सोडली नाही. त्याच्या म्होरंच सोडली, त्यानं चीज कापायला घेतलं असताना.